टेबलटॉप आरपीजीचा सिनारिओ कसा जोखायचा: काय वाचून, काय खेळून, आणि कोणत्या क्रमाने

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि सिनारिओ म्हणजे त्यासाठी लिहिलेली गोष्ट. एखादा सिनारिओ कसा आहे असं विचारलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. एक जण पीडीएफ वाचून सांगतो, जबरदस्त आहे, डोळे झाकून खेळवा. दुसरा म्हणतो, आम्ही खेळलो, काही दम नाही, अर्ध्यातच सगळे कंटाळले. बरेचदा दोघं एकाच सिनारिओबद्दल बोलत असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. गडबड अशी होते की वाचणारा अशा गोष्टींवर मत देतो ज्या फक्त टेबलवर कळतात (वेग, मजा, भीती), आणि खेळणारा अशा गोष्टींवर जे फक्त पानावर बघून कळतं (सिनारिओत मुळात काय लिहिलं होतं आणि जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्वतःच्या मनाने काय घातलं).

म्हणून वाचायचं की खेळायचं असा प्रश्नच नाहीये, दोन्ही करायचं आहे, पण क्रम चुकला तर दोन्हींचा उपयोग जातो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी या दोघांच्या मधे आहे आणि तीच बहुतेक लोक गाळतात: वाचून झाल्यावर, खेळायच्या आधी, काय होईल याचा अंदाज लिहून ठेवणं. तो कागद असला की खेळून झाल्यावर कळतं वाचनाने काय बरोबर सांगितलं आणि कुठे फसवलं.

टप्पा १: आधी ठरवा, तुम्ही प्लेअर की जीएम

हे पहिलं कारण हे उलटवता येत नाही. आधी खेळून नंतर वाचलं तर काही बिघडत नाही, पण प्लेअरने आधी वाचलं की खुनी कोण, सापळा कुठे, म्हातारा खोटं का बोलतोय हे सगळं डोक्यात बसतं आणि मग तुम्ही कितीही प्रामाणिकपणे न माहीत असल्यासारखं खेळलात तरी तुमचे प्रश्न आपोआप योग्य जागी जातात. तपासाच्या, रहस्याच्या सिनारिओत तर हे फारच जाणवतं. साध्या डंजनमधे (सापळे आणि शत्रूंनी भरलेल्या तळघरात) थोडं चालून जातं.

ग्रुपमधे दोघांना सिनारिओ नीट जोखायचा असेल तर सरळ वाटणी करा. एकाने वाचून खेळवायचं, दुसऱ्याने काहीच न वाचता खेळायचं आणि संपल्यावर वाचायचं. ही जोडी असली की काम निम्मं होतं, कारण एकाला माहीत असतं पानावर काय होतं आणि दुसऱ्याला माहीत असतं समोर काय पोचलं.

सावधान: प्लेअर म्हणून जाणार असाल तर "फक्त पहिली दोन पानं बघतो" असंही करू नका. बहुतेक सिनारिओत जीएमसाठीचा सगळा खुलासा पहिल्या एक-दोन पानांतच दिलेला असतो.

टप्पा २: पहिलं वाचन सलग

हातात पेन घेऊ नका, एका बैठकीत वाचा. मोठं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) असेल तर एक अख्खा भाग घ्या. या वाचनाचं काम एवढंच की तुम्हाला काय आवडलं, कुठे उत्साह आला, कुठे मागची पानं चाळावी लागली हे लक्षात राहावं. शेवटी तीन-चार ओळी खरडून ठेवा आणि बाजूला ठेवा.

इथेच थांबून रिव्ह्यू लिहिणारे खूप आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त फसायला होतं. पहिल्या वाचनात ज्या गोष्टी भाव खातात त्या म्हणजे सुंदर भाषा, चित्रं, नकाशे, खलनायकाची शोकांतिका, शेवटचा धक्का. यातलं बरंचसं प्लेअरपर्यंत पोचतच नाही. उलट टेबलवर सोनं ठरणाऱ्या गोष्टी वाचायला रुक्ष असतात. पाच एनपीसींची (जीएम चालवतो त्या पात्रांची) यादी आणि प्रत्येकासमोर एक ओळ, याला काय हवंय आणि हा कशाला घाबरतो. रात्री किती वाजता पहारा बदलतो याचा तक्ता. हे वाचताना डोळा घसरतो, पण खेळवताना तुम्ही याच पानाकडे परत परत वळता.

टप्पा ३: दुसरं वाचन, कागद-पेन घेऊन

आता हळू वाचा. चार कामं करायची आहेत आणि पहिलं सगळ्यात मोठं आहे.

पहिलं, प्लेअर्सना कोणकोणत्या गोष्टी कळल्याच पाहिजेत याची यादी करा, म्हणजे ज्या कळल्या नाहीत तर गोष्ट पुढे सरकणारच नाही अशा. मग प्रत्येकीसमोर लिहा की ती कळायचे किती वेगळे मार्ग सिनारिओत दिलेत. क्लू एकच असेल तर तिथे लाल खूण. तीन असतील तर निश्चिंत, कारण एक हुकतो, एकाचा चुकीचा अर्थ लागतो, तरी तिसरा उरतो. मात्र बघा की ते तीनही क्लू एकाच खोलीत तर नाहीत ना. प्लेअर त्या खोलीत गेलेच नाहीत तर ते तीन क्लू म्हणजे एकच क्लू झाला.

दुसरं, पार्श्वभूमीचा प्रत्येक परिच्छेद घ्या आणि विचारा, हे प्लेअर्सना कुणाकडून, कुठून, कसं कळेल? उत्तर सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर तो परिच्छेद खेळात नाहीये, तो फक्त तुमच्यासाठी आहे. थोडा असा मजकूर हवाच, जीएमला एनपीसी जिवंत करायला तो लागतो, पण अर्धी पानं त्यातच गेली असतील तर तुम्हाला जे आवडलंय ती गोष्ट आहे आणि गोष्ट आवडणं हा सिनारिओ जोखण्याचा पुरावा होत नाही.

तिसरं, प्रत्येक प्रसंगात प्लेअर काय करू शकतात ते क्रियापदांत लिहा. लपणं, पटवणं, पळवणं, विकत घेणं, जाळणं, वाट बघणं, सौदा करणं. ज्या प्रसंगासमोर फक्त "बघणं" आणि "ऐकणं" आलं तो प्रसंग प्लेअर्ससाठी रिकामा आहे, मग पानावर तो कितीही थरारक वाटो. दोन एनपीसी एकमेकांशी भांडतायत आणि कॅरेक्टर उभे राहून बघतायत, हा प्रकार वाचताना हमखास रंगतो आणि खेळताना हमखास पडतो, कारण जीएम स्वतःशीच बोलत बसतो आणि चार जण ऐकत बसतात.

चौथं, "प्लेअर्स आता तिकडे जातील" अशा वाक्यांखाली रेघ ओढा. लेखकाने गृहीत धरलेली प्रत्येक कृती म्हणजे एक धोक्याची जागा. न गेल्यास काय, हे लिहिलेलं आहे का? बाहेर पडून रात्री परत आले तर? पोलिसांना बोलावलं तर? (हे तर आजच्या काळात घडणाऱ्या भयकथेत पहिल्यांदा सुचतं.)

तपासा: सिस्टीम (खेळाचे नियम) कोणती हे बघूनच क्लूंवर टीका करा. गमशू नावाच्या सिस्टीममधे योग्य कॅरेक्टर योग्य जागी असेल आणि त्याच्याकडे ती क्षमता असेल तर मुख्य क्लू रोल न करता (डाइस न टाकता) मिळतो. तिथे एकच क्लू असणं तेवढं धोक्याचं नाही. तोच सिनारिओ कॉल ऑफ क्थुलू या दुसऱ्या सिस्टीममधे आणला तर चित्र बदलतं, तिथे स्पॉट हिडनची (लपलेलं हेरण्याच्या कौशल्याची) सुरुवातच २५ टक्क्यांपासून होते.

टप्पा ४: थोडं गणित करा

लोक हे टाळतात, पण खेळून जे कळायला तीन रात्री लागतील ते इथे दहा मिनिटांत कळतं. जिथे जिथे पुढे जायला रोल लागतो तिथे पास व्हायची शक्यता काढा.

डी-२० वर (वीस बाजूंच्या डाइसवर) टार्गेट १५ आहे आणि कॅरेक्टरला +२ मिळतात. म्हणजे डाइसवर १३ किंवा जास्त हवे, शक्यता ४० टक्के. आता प्रश्न येतो की रोल कोण करतंय. चौघांनी प्रयत्न करायचा आणि एकाला जमलं तरी चालतं असं असेल तर शक्यता एकदम ८७ टक्क्यांवर जाते. एकालाच संधी असेल तर ४० च. आणि समजा सगळ्यांना दबकत आत शिरायचंय, प्रत्येकाची शक्यता ६० टक्के आहे आणि चारही जण पास व्हायलाच हवेत, तर अख्ख्या ग्रुपची शक्यता जेमतेम १३ टक्के. वाचताना "स्टेल्थ रोल करा" हे तीन शब्द निरागस दिसतात. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या) पाचव्या आवृत्तीत यासाठी ग्रुप चेकचा नियम आहे, निम्मे पास झाले की ग्रुप पास, पण सिनारिओत ग्रुप चेक म्हटलंय की प्रत्येकाचा वेगळा रोल हे बघावं लागतं.

साखळीचं गणित याहून वाईट. एकामागे एक तीन क्लू, प्रत्येकाची शक्यता ७० टक्के, आणि मधला एक हुकला की संपलं. तिन्ही मिळायची शक्यता ३४ टक्के. म्हणजे तीनातले दोन ग्रुप शेवटापर्यंत पोचणारच नाहीत, आणि जो एक पोचला तो येऊन सांगणार की अरे, मस्त आहे, आम्हाला काहीच अडलं नाही.

वेळेचंही करा. चार प्लेअर, पाच शत्रू, म्हणजे एका राउंडमधे नऊ पाळ्या. पाळीला एक ते दोन मिनिटं धरली तर राउंडला नऊ ते अठरा मिनिटं. चार राउंड चाललेली मारामारी तासाच्या आसपास जाते. सिनारिओवर "एका सेशनमधे होतो" असं छापलंय आणि आत अशा तीन मारामाऱ्या आहेत, तर ते सेशन किती तासांचं हे तुम्हीच बघा. वाचून दाखवायचे उतारेसुद्धा मोठ्याने वाचून घड्याळ लावा. २०० शब्दांना दीड मिनिट सहज जातं आणि टेबलवर दीड मिनिट गप्प बसून ऐकणं फार लांब वाटतं.

टप्पा ५: अंदाजाचा कागद

आता वाचन बंद. एका कागदावर तारीख घालून लिहा:

१. प्लेअर्स कुठे अडकतील, नक्की कोणत्या जागी.
२. कोणता एनपीसी त्यांना आवडेल आणि कोणाकडे ते ढुंकूनही बघणार नाहीत.
३. कोणता प्रसंग सगळ्यात जास्त रंगेल.
४. किती तास लागतील, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ कुठे जाईल.
५. शेवट कसा होईल.
६. मला स्वतःला काय काय बनवून घ्यावं लागेल, जे पानावर नाहीये.

नेमकं लिहा. "मधला भाग संथ वाटेल" असं लिहिलंत तर नंतर काहीही झालं तरी ते बरोबरच वाटणार. "वाचनालयात जायचं कुणाला सुचणार नाही आणि मला एनपीसीच्या तोंडून सुचवावं लागेल" असं लिहिलं तर ते एकतर खरं ठरेल नाहीतर खोटं, आणि तेच हवंय.

सावधान: हा कागद प्लेअर्सना दाखवू नका आणि सेशन संपेपर्यंत स्वतःही उघडू नका. अंदाज डोळ्यासमोर असला की जीएम नकळत तो खरा करायला लागतो.

टप्पा ६: तयारी, पण घड्याळ लावून

तयारीला किती वेळ लागला हा सिनारिओबद्दलचाच पुरावा आहे आणि बहुतेक रिव्ह्यूंमधे त्याचा पत्ताच नसतो. सुरू करताना वेळ लिहा, संपताना लिहा, आणि त्या वेळात काय केलं तेही लिहा. स्टॅट ब्लॉक (पात्रांची आकडेवारी) तीन ठिकाणांहून गोळा केले, नकाशा आणि मजकूर जुळत नव्हता म्हणून दुरुस्त केला, सगळ्या घटनांची टाइमलाइन काढली कारण ती दिलेलीच नव्हती. हे काम लेखकाने करायला हवं होतं ते तुम्ही केलंत, याची नोंद हवी.

एक सोपी चाचणी सांगतो. मित्राला पुस्तक देऊन कुठल्याही प्रसंगातला एक प्रश्न विचारायला सांगा, जसं की या दाराला कुलूप आहे का, किंवा हिच्या नवऱ्याचं नाव काय, आणि तुम्ही उत्तर शोधा. अर्ध्या मिनिटात सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर टेबलवर तुम्ही शोधणार नाही, सरळ काहीतरी ठोकून द्याल, आणि मग तुम्ही जे खेळवताय तो लेखकाचा सिनारिओ राहत नाही.

तयारीत दुरुस्त्या करायच्या का? पहिल्यांदा जोखायला खेळवताय तर शक्यतो नाही. क्लू कमी वाटतोय म्हणून चौथा घालू नका, तो कमी आहे का हेच तर बघायचंय. अपवाद एकच, तुमच्या ग्रुपला त्रास होईल असा विषय असेल तर तो काढा किंवा आधी विचारून घ्या. माणसं आधी, चाचणी नंतर.

टप्पा ७: खेळवा, आणि खेळवताना खुणा करा

सुरुवातीलाच प्लेअर्सना सांगून टाका की हा सिनारिओ लिहिलाय तसा खेळवून बघतोय, कदाचित मधे अडखळेल. हे न सांगता लोकांची संध्याकाळ प्रयोगाला लावणं बरोबर नाही, आणि सांगितलं की लोक उलट जास्त लक्ष देऊन खेळतात.

खेळवताना लांब नोंदी शक्य नाहीत. तीन खुणा पुरतात. समासात बरोबरची खूण म्हणजे छापल्याप्रमाणे चाललं. फुली म्हणजे मी बदललं, घातलं किंवा रोलचा निकाल लपवला. गोल म्हणजे प्लेअर्सनी असं काही केलं ज्याबद्दल पानावर एक अक्षर नाही. बाजूला वाजलेली वेळ. बास. जास्त लिहायला गेलात तर तुमचं लक्ष टेबलवरून उडेल आणि मग सेशन सिनारिओमुळे पडलं की तुमच्यामुळे हे कळणार नाही.

फुली करायला लाजू नका. प्लेअर्स वीस मिनिटं गोल गोल फिरतायत तर मदत करा, पण फुली करा. जिथे फुली नाही तिथे नंतर तुम्हाला खात्रीने वाटेल की ते सिनारिओतच होतं. आठवण अशीच काम करते, स्वतः घातलेला सुंदर तपशील आठवड्याभरात पुस्तकाच्या खात्यावर जमा होतो.

तपासा: सेशनच्या मधल्या ब्रेकमधे एकदा समासावर नजर टाका. एकही खूण नसेल तर तुम्ही खुणा करायला विसरलायत, सगळं सुरळीत चाललंय असं नाही.

टप्पा ८: सेशन संपल्या संपल्या विचारायचे प्रश्न

"मजा आली का?" हा प्रश्न विचारू नका. समोर मित्र बसलेत, तुम्ही चार तास राबलात, ते हो म्हणणार. असं विचारा की ज्याला हो-नाही उत्तरच देता येत नाही:

१. नक्की काय घडत होतं ते तुमच्या शब्दांत सांग. (इथे कळतं की गोष्ट पोचली का. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकाने सांगितलं की बाकीचे मान डोलावतात.)
२. कोणत्या वेळी आता काय करायचं ते सुचत नव्हतं?
३. कोणत्या वेळी वाटलं की आपण काहीही केलं तरी हेच होणार आहे?
४. एखादा निर्णय घेताना खरंच जड गेलं का, कोणता?
५. कोणत्या एनपीसीचं नाव आठवतंय?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं शब्दशः लिहून घ्या. खलनायकाचा हेतू चौघांपैकी एकालाही सांगता आला नाही, आणि वाचताना तुम्हाला तोच सगळ्यात जास्त भिडला होता, असं झालं तर सिनारिओतली सगळ्यात मोठी फट तुम्हाला सापडली. आणि हे त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांशी बोललेले असतात, गोष्ट नीटनेटकी झालेली असते.

टप्पा ९: टेबलचं श्रेय टेबलला, सिनारिओचं सिनारिओला

हा सगळ्यात अवघड टप्पा. खेळून मत देणारे बहुतेक जण इथेच चुकतात, कारण खेळलोय म्हणजे आपल्याला माहीतच आहे अशी खात्री असते. खेळलेलं सेशन सिनारिओ, जीएम, प्लेअर, डाइस, सिस्टीम आणि त्या दिवशीचा मूड मिळून झालेलं असतं. त्यातलं सिनारिओचं किती, हे वेगळं काढावं लागतं.

सुरुवात सगळ्यात रंगलेल्या प्रसंगापासून करा. तो कुठून आला? समासातली खूण बघा. बरोबर असेल तर सिनारिओचं श्रेय. फुली असेल तर जीएमचं. गोल असेल तर प्लेअर्सचं, पण इथे थांबा, कारण काही चांगले सिनारिओ मुद्दाम अशी परिस्थिती मांडतात की प्लेअर्सना भन्नाट काहीतरी सुचावं. मग बघायचं की ते सुचायला लागणारं साहित्य पानावर होतं का. समजा प्लेअर्सनी दोन टोळ्यांना एकमेकांशी लढवलं. टोळ्यांचं वैर आणि दोघांच्या येण्याजाण्याच्या वेळा छापलेल्या होत्या, तर अर्धं श्रेय लेखकाला. हे सगळं तुम्ही तिथल्या तिथे रचलंत, तर नाही.

मग सगळ्यात पडलेला प्रसंग घ्या आणि तसंच करा. इथे डाइसचा हिशेब टप्पा ४ च्या गणिताशी ताडा. महत्त्वाचा रोल ८७ टक्के शक्यतेचा होता आणि तरी हुकला, तर ते नशीब, सिनारिओला बोल लावू नका. ४० टक्क्यांचा होता आणि हुकला, तर लेखकाने तिथे पुढचा मार्ग ठेवायला हवा होता.

काही सिनारिओ एकदा खेळून अर्धेसुद्धा दिसत नाहीत. १९८३ सालच्या रेव्हनलॉफ्ट या डी अँड डी सिनारिओत पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा प्रसंग आहे आणि त्या पत्त्यांवरून महत्त्वाच्या वस्तू कुठे आहेत, खलनायक कुठे भेटेल हे ठरतं. एका ग्रुपला वस्तू वाटेतच सापडेल, दुसऱ्याला अख्खा किल्ला पालथा घालावा लागेल. दोघांचे अनुभव खरे, पण दोन वेगळ्या मांडण्यांचे. अशा ठिकाणी वाचनच जास्त सांगतं, कारण वाचताना सगळ्या मांडण्या एकत्र दिसतात आणि त्यातली एखादी फारच सोपी किंवा फारच जीवघेणी आहे का हे बघता येतं.

सिनारिओ कशासाठी लिहिला होता तेही बघा. टूम ऑफ हॉरर्स हा डी अँड डीचाच सिनारिओ १९७५ च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात स्पर्धेसाठी खेळवला गेला आणि १९७८ मधे छापून आला. स्पर्धेत बऱ्याच ग्रुपना तेच सापळे आणि कोण किती पुढे पोचतं ही कसोटी. तो महिनोन्महिने जपलेल्या कॅरेक्टरना घेऊन घरच्या कॅम्पेनमधे टाकला आणि सगळे मेले, तर "वाईट सिनारिओ" म्हणण्याआधी तो कोणत्या कामासाठी होता हे लिहायला हवं.

लेखकाने स्वतः खेळवलेलं सेशन हा तर सगळ्यात कच्चा पुरावा. लेखकाच्या डोक्यात पानावर नसलेलं खूप काही असतं आणि ते तो नकळत वापरतो. अशा सेशनवरून सिनारिओची कल्पना चांगली आहे एवढं म्हणता येईल, पुस्तक विकत घेणाऱ्याला ते तसंच खेळवता येईल असं नाही म्हणता येणार.

जमलं तर दुसऱ्या ग्रुपबरोबर परत खेळवा, आणि मुद्दाम वेगळ्या स्वभावाचा ग्रुप घ्या. पहिला बडबड्या असेल तर दुसरा मारामारी आवडणारा, पहिला अनुभवी तर दुसरा नवखा. दोन्हीकडे एकाच जागी अडकलं तर ती जागा सिनारिओची. एकीकडेच अडकलं तर सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही जीएम म्हणून सरावलेले असता हेही धरा, त्यामुळे दुसरं सेशन चांगलं गेलं याचा अर्थ सिनारिओ सुधारला असा होत नाही.

ग्रुपच नसेल तर

एका मित्राला बसवा, ज्याने वाचलेलं नाही. डाइस नको, कॅरेक्टर शीट नको. तुम्ही प्रसंग सांगा आणि विचारा, "तू काय करशील?" त्याची पहिली तीन उत्तरं लिहा. पानावर त्यातल्या किती गोष्टींची सोय आहे ते बघा. तासाभरात पूर्ण सिनारिओचा सांगाडा तपासून होतो. यातून वेग, भीती, मारामारीचा तोल कळणार नाही, पण गोष्ट कुठे तुटते ते बऱ्यापैकी कळतं. मोठं कॅम्पेन असेल तर पहिलं सेशन आणि मधला एखादा भाग असं करा. फक्त सुरुवात तपासू नका, कारण सुरुवात लेखकांनी सगळ्यात जास्त घासलेली असते.

टप्पा १०: परत वाचा, मग निकाल लिहा

खेळून झाल्यावर अंदाजाचा कागद उघडा, समासातल्या खुणा समोर ठेवा आणि सिनारिओ तिसऱ्यांदा वाचा. हे वाचन फार वेगळं होतं. जे वाक्य आधी सजावट वाटलं होतं तेच प्लेअर्सच्या सगळ्या गोंधळाचं मूळ निघतं, किंवा उलट, तुम्ही ज्याला चूक समजून फुली मारली त्याचं उत्तर शेवटच्या परिशिष्टात असतं. असं सापडलं तर सिनारिओला "माहिती नव्हती" असा दोष देऊ नका, "माहिती चुकीच्या जागी होती" असा द्या. तो वेगळा दोष आहे आणि पुढच्या जीएमला त्याचा फायदा होतो.

आता चुकलेल्या अंदाजांकडे बघा. वाटलं होतं अडकतील आणि नाही अडकले, का? तुम्ही हळूच मदत केलीत की लेखकाने दिसणार नाही अशी सोय करून ठेवली होती? वाटलं होतं म्हातारीचा प्रसंग रंगेल आणि तो दोन मिनिटांत संपला, का? तुमच्या लिखाणातलं सगळ्यात उपयोगी इथेच मिळतं, कारण जो वाचक नुसता वाचून ठरवणार आहे तो नेमका याच जागी फसणार आहे.

लिहिताना प्रत्येक विधानाला त्याचा पुरावा चिकटवा. "वाचून असं वाटतं", "खेळवताना एका ग्रुपबरोबर असं झालं", "दोन्ही ग्रुपबरोबर झालं", "गणिताने असं येतं". वर स्पष्ट लिहा की तुम्ही प्लेअर होतात की जीएम, सिस्टीम कोणती, किती जण, किती तास, तयारीला किती वेळ, आणि काय काय बदललं. फुल्यांची यादी तर पूर्ण द्या, ती म्हणजे पुढच्या माणसाला मिळालेली तयार दुरुस्ती आहे.

सावधान: एकच आकडा देऊन मोकळे होऊ नका. वाचायला उत्तम आणि खेळवायला जड असे सिनारिओ असतात, त्यातून कल्पना चोरायला लोक आनंदाने विकत घेतात. वाचायला कोरडे आणि टेबलवर धावणारे असतात, ते वेळ नसलेल्या जीएमला हवे असतात. दोघांना मिळून दहापैकी सात दिले तर दोघांचंही नुकसान. वाचण्यासाठी वेगळं मत द्या, खेळवण्यासाठी वेगळं, आणि खेळण्यासाठी तिसरं, कारण जीएमला त्रास देणारा सिनारिओ प्लेअर्सना कित्येकदा प्रचंड आवडतो.

शेवटी लिखाणाचे दोन भाग करा. प्लेअर्ससाठीचा भाग वर, त्यात फक्त प्रकार, लांबी, मूड, कुणाला आवडेल आणि कोणते नाजूक विषय आहेत एवढंच. मग ठळक सूचना, आणि त्याखाली जीएमसाठीचा भाग, जिथे खुनी, क्लू, फुल्या सगळं मोकळेपणाने येईल. वरचा भाग सिनारिओ न वाचलेल्या त्याच प्लेअर मित्राला दाखवा आणि विचारा, यातून तुला काय अंदाज आला? त्याने शेवट ओळखला तर ती ओळ खालच्या भागात हलवा.